शेवटाकडून वाचणारे कारभारी तात्या

कुंभार पिंपळगावच्या आमच्या वाचनालयात भिंतीवर तीन सूचना रंगवलेल्या आहेत. शांतता राखा, पाने दुमडू नका, आणि तिसरी, जी मी दुसऱ्या कुठल्याही वाचनालयात पाहिलेली नाही: पुस्तकाचा शेवट इतरांना सांगू नये. ही सूचना मी एका माणसासाठी लिहून घेतली. रंगवणाऱ्याने विचारलं, 'हे काय वो बाई?' मी म्हटलं, 'तू रंगव.' ज्याच्यासाठी ती लिहिली त्याने ती मोठ्याने वाचली, मान डोलावली, आणि त्याच बाकावर बसून काकासाहेबांना सांगितलं, 'तुमच्या त्या पुस्तकात शेवटी मुनीम निघतो बरं का.'

काकासाहेब म्हणजे निवृत्त तलाठी. रहस्यकथांवर त्यांचा जीव. निम्म्याच्या पुढे गेले होते बिचारे. त्यांनी पुस्तक मिटलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू खून मीच केला आहे. मी कारभारी तात्यांकडे पाहिलं. तात्या वर्तमानपत्रात बाजारभाव बघत होते. आपण काही केलं आहे याची त्यांच्या चेहऱ्यावर गंधवार्ताही नव्हती.

मी १९८६ साली इथे ग्रंथपाल म्हणून लागले. ग्रंथपाल हा शब्द मोठा, खोली लहान. ग्रामपंचायतीच्या मागे पत्र्याची एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक बाक, वर्तमानपत्रांचं लांबट टेबल आणि माझी खुर्ची. लग्न करून या गावात आले तेव्हा वाटलं होतं, पुस्तकांच्या संगतीत दिवस निवांत जातील. तात्यांनी तो गैरसमज पहिल्या आठवड्यातच दूर केला.

ते सकाळी बैलांचं वैरणपाणी उरकून यायचे, एसटीने वर्तमानपत्रं येण्याच्या सुमाराला. वहाणा बरोबर दाराच्या मधोमध काढायचे, म्हणजे येणारा प्रत्येक जण अडखळलाच पाहिजे. मग कपाटासमोर उभे राहून हाताला लागेल ते पुस्तक काढायचे. लेखक कोण, विषय कोणता, काही बघायचं नाही. आणि पुस्तक उघडायचे ते मागून.

त्याला कारण होतं, ते मला फार उशिरा कळलं. तात्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं. जुन्या जालन्यात त्यांचे मामा आडतीवर तोलाईचं काम करायचे. त्यांच्याकडे राहून तात्या उर्दू शाळेत शिकले. पोलीस अॅक्शन झाली, शाळा बदलली, हे गावी परत आले आणि मराठी अक्षरं त्यांनी नंतर आपली आपण जुळवली. मराठी शिकले, पण हात उर्दूच राहिला. उर्दू पुस्तक जिथून सुरू होतं तिथे मराठी पुस्तक संपतं. त्यामुळे तात्यांचा हात नेमका शेवटच्या पानावर पडायचा. ते पान वाचून व्हायचं, आणि मग पुढचं, म्हणजे मागचं, वाचायची त्यांना गरजच वाटायची नाही.

मी किती वेळा सांगितलं असेल. तात्या, कव्हर हे बघा, चित्र इकडे असतं, इकडून उघडायचं. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, 'हात जातो तिकडं, बाई. हाताला कोण समजावणार?' वर आणखी, 'शेवट कळला म्हंजी निवांत बसून वाचता येतं.' निवांत वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. शेवट कळला की ते तो सांगायला माणूस शोधायचे, एवढंच पाहिलं.

आणि सांगणं ते कसलं. एका जाडजूड कादंबरीसाठी सखूबाईंची शिकलेली सून महिनाभर नंबर लावून बसली होती. ती पुस्तक घेऊन पायरी उतरते न उतरते तोच तात्या म्हणाले, 'त्या दोघांचं लग्न होत न्हाई. उगं डोळ्याला ताण.' कवितांचं पुस्तक त्यांनी एकदाच हातात घेतलं. 'अर्धं पान कोरं सोडलंय. कागदाचा बिनकामाचा खर्चा.' प्रवासवर्णन म्हणजे, 'हा गेल्ता, परत आला. आला नसता तर लिव्हलं कोणी असतं?' स्वयंपाकाच्या पुस्तकावर ते खरोखर रागावले होते. 'मीठ चवीनुसार म्हणतेत. आमची घरची पण तेच म्हणती. मंग छापलं कशाला?' आणि एका मोठ्या माणसाच्या आत्मचरित्रावर त्यांचं मत असं होतं, की शेवटच्या पानावर हा सगळ्यांचे आभार मानतो, म्हणजे आधीच्या पानांत सगळ्यांना शिव्या दिल्या असणार.

या शेवटच्या मतावर मी हसले होते, हे कबूल करायला हवं. पण अठरा वर्षं रोज हसता येत नाही. वाचक कमी झाले की वाचनालयाचा दर्जा घसरतो, आणि हे गृहस्थ एकेक वाचक टिपून घरी पाठवत होते. 'तात्या, लोकांना मजा येऊ द्या की,' मी म्हणायची. 'खोटं थोडीच सांगून राह्यलो? बराबर तेच सांगतो,' ते म्हणायचे. हे मात्र खरं होतं. तात्यांनी सांगितलेला शेवट कधी चुकला नाही. माणसाचा सगळ्यात जास्त वैताग कधी येत असेल, तर तो चुकत नाही तेव्हा.

पुस्तकांपुरतं असतं तर चाललं असतं. तात्यांना एकुलता एक मुलगा, देवानंद. जालन्याला आयटीआय करून आला, पण त्याच्या डोक्यात बाग होती. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी तेव्हा मोसंबी. देवानंदने विहिरीजवळच्या तुकड्यात मोसंबी लावायचं ठरवलं. तो खड्डे घेत होता तेव्हा तात्या बांधावर उभे राहून म्हणाले, 'लाव. पण पाच-सहा सालात वाळंल. ह्या विहिरीत तेवढं पाणी न्हाई.' झाडाचं पहिलं पान फुटायच्या आधी शेवट सांगून मोकळे.

पोराने जीव ओतला. नवराबायकोची भांडणं व्हावीत इतका वेळ तो बागेत असायचा, असं म्हटलं असतं, पण लग्नही त्याने बागेपायीच पुढे ढकललं होतं. पहिला बहार आला तेव्हा त्याने वाचनालयात टोपलीभर मोसंबी आणून ठेवली. तात्यांनी एक सोलली, खाल्ली, म्हणाले, 'गोड हाय,' आणि बी थुंकून पुढे म्हणाले, 'पण टिकणार न्हाई.' नंतरच्या एका उन्हाळ्यात विहीर आटली. देवानंदने टँकर आणले, डोक्यावर घागरी वाहिल्या, तरी बाग वाळली ती वाळलीच. तो वाळलेली झाडं कुऱ्हाडीने तोडत होता आणि तात्या बांधावर बसून म्हणत होते, 'म्या काय म्हणलं व्हतं?'

एकदा म्हणाले असते तर बापाचं बोलणं म्हणून सोडलं असतं. ते पारावर म्हणाले, पिठाच्या गिरणीत म्हणाले, माझ्या वाचनालयात येईल त्याला म्हणाले. १९९८ साली एका सकाळी ते काकासाहेबांना तीच कथा ऐकवत होते आणि देवानंद घेतलेलं पुस्तक परत करायला दारात आला. उभ्या उभ्या त्याने सगळं ऐकलं. तात्यांनी त्याला पाहिलं आणि तरी वाक्य पुरं केलं. देवानंद आत आला, पुस्तक माझ्यापुढे ठेवलं, म्हणाला, 'वहिनी, जमा करून घ्या. माझं सभासदत्व बी बंद करा.' दुपारच्या गाडीने तो पुण्याला गेला. त्यानंतर सहा वर्षं त्याने गावात पाऊल ठेवलं नाही.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात त्याला काम लागलं. अधूनमधून भिवाच्या एसटीडी बूथवर त्याचा फोन यायचा, आईसाठी. भिवा पोरगं पाठवून त्याच्या आईला, जयवंताकाकूंना, बोलावून घ्यायचा. तात्या काकूंना बूथपर्यंत सोडायला जायचे आणि मग रस्त्यावर पाठ फिरवून उभे राहायचे. आतलं बोलणं ऐकू येईल अशा अंतरावर, पण पाठ फिरवून. देवानंद आईला म्हणायचा, 'माझं चुकलं हे मला माहीत हाय. ते रोज ऐकायला येऊ का?' आणि तात्या म्हणायचे, 'एवढंच त्यानं माझ्या तोंडावर म्हणावं. मी कुठं येऊ नको म्हणलो?' दोघांच्या मधे काकू उभ्या. रोज दोघांसाठी भाकरी थापायच्या आणि तिसरी चुकून थापली जायची, ती कुत्र्याला घालायच्या. हे त्यांनी मला गिरणीत सांगितलं आणि विचारलं, 'तुमचं ऐकतेत का वो बाई ते?' मी म्हटलं, 'माझं? ते भिंतीचंही ऐकत नाहीत.'

२००४ साली देवानंदच्या कारखान्याने काही कामगारांना शिकायला जपानला पाठवलं. त्यात तो होता. परत आल्यावर त्याने आमच्याच गावच्या, त्याच कारखान्यात असलेल्या भुजंगबरोबर एक खोकं पाठवलं. घरी नाही, वाचनालयात. भुजंगने ते माझ्या टेबलावर आदळलं आणि निरोप दिला, 'तिकडल्या जुन्या दुकानातून घेतलेत. चित्राचे पुस्तकं हायेत. आईला वाचता येत न्हाई, पण बघता येतील, म्हणला.'

खोक्यात विटेसारखी जाड पुस्तकं होती. आतली अक्षरं जपानी, म्हणजे सगळ्या गावाला सारखीच. पानोपानी काळी-पांढरी चित्रं, चौकटी-चौकटींत कापलेली. 'तिकडं ह्याला मंगा म्हणतेत,' भुजंग म्हणाला. 'मोठे-मोठे माणसं वाचतेत, गाडीत उभे राहून.' काकासाहेबांचे डोळे चमकले. जी भाषा कुणालाच येत नाही त्या पुस्तकाचा शेवट कारभारी कसा सांगणार, असा त्यांचा हिशेब असावा.

तात्या दुसऱ्या दिवशी आले. पुस्तकं कोणी पाठवली हे त्यांना गावाने आधीच सांगितलं होतं. त्यांनी खोक्याकडे पाहिलं नाही, आधी सगळी वर्तमानपत्रं वाचली, अगदी लिलावाच्या जाहिरातींसकट. मग जणू हाताला लागलं म्हणून एक उचललं. त्या दिवसापासून मला नवीनच ताप सुरू झाला.

मारामारीचं पुस्तक होतं एक. 'नुस्त्या रेघा मारल्यात. कोणी कोणाला मारलं ते दिसू तर द्या.' शाळेतल्या मुलींचं होतं. 'डोळे एवढाले आणि नाकाच्या जागी टिंब. सर्दी झाली तर काय करतेत हे लोक?' कुणाच्याच केसांना तेल नाही, ही त्यांची कायमची तक्रार. एका पुस्तकात एक माणूस सबंध पुस्तकभर फक्त जेवत होता. ते त्यांना आवडलं. 'आपल्या कादंबऱ्यांत कोणी जेवत न्हाई. भांडतेत, रडतेत, मरतेत, पण भाकरी कव्हा खातेत ते न्हाई.' ते पुस्तक त्यांनी काकासाहेबांना दाखवलं आणि काकासाहेब, नको नको म्हणत, दोन दिवस बघत बसले.

मला मात्र वेगळंच खटकत होतं. तात्या ती पुस्तकंही आपल्या सवयीने उजव्या बाजूने उघडत होते. 'निदान ही तरी सरळ धरा,' मी ओरडले. ते म्हणाले, 'हे सरळच हाय.' मी नाद सोडला.

मग त्यांच्या हाती ते नावाड्याचं पुस्तक लागलं. एक नदी, एक लाकडी पूल, काठावर झोपडी, एक नावाडी आणि त्याचा मुलगा. ते पुस्तक तात्यांनी खाली ठेवलं नाही. रोज यायचे, तेच काढायचे, आणि रोज त्या नावाड्यावर चिडायचे. 'काय माणूस हाय हा? नावेत बसलाय नुस्ता. पूल समोर हाय, पाय धड हायेत. उठत का न्हाई?' मी वर्गणीची कामं करत असताना हे कानावर. पाणी प्यायला उठले तरी हे कानावर. त्या जपानी म्हाताऱ्याने नक्की काय घोडं मारलं होतं, हे विचारायचीही मला इच्छा नव्हती.

बाजाराच्या दिवशी जयवंताकाकू आल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा. बरोबर शेजारच्या सखूबाई. काकूंनी हातातली भाजीची पिशवी बाहेर ठेवली, पदराला हात पुसले आणि विचारलं, 'पोरानं पाठवलेलं कुठं हाय?' मी नावाड्याचं पुस्तक दिलं, कारण टेबलावर तेच होतं. त्या खाली सतरंजीवर बसल्या, पुस्तक मांडीवर घेतलं आणि सगळं जग उघडतं तसं डाव्या बाजूने उघडलं.

काकू वाचायला लागल्या. वाचायला हाच शब्द वापरते, कारण त्यांनी एकेक चौकट बोटाने चाचपली. सखूबाईंना त्या सांगत होत्या आणि मी काम सोडून ऐकत होते. म्हातारा नावेत एकटाच बसलाय. बघा, घर सुनं हाय. मग पुलावर एक तरणाताठा पोरगा, खांद्याला पिशवी. 'पाठ दिसून राह्यली, कारण आपण इकडल्या अंगाला हाव. त्यो घराकडं चाललाय.' मग दारात तो पोरगा आणि समोर तोंड फिरवून उभा असलेला बाप. 'हां, रुसवा हाय अजून.' मग दोघं जेवायला बसलेले. मग पुढच्या पानांत तो पोरगा लहानच लहान होत गेला. सखूबाई म्हणाल्या, 'हे कसं?' काकू म्हणाल्या, 'कसं म्हंजी? घरी आल्यावर लेकरू आईबापाला लहानच दिसतं.' आणि शेवटी, म्हणजे त्यांच्या शेवटी, झोपडीत एक बाई मांडीवर तान्हं घेऊन बसलेली. काकूंनी पुस्तक सखूबाईंच्या पुढे धरलं. 'सून आली. नातू झाला.'

त्या रडत नव्हत्या. फार दिवसांनी कुणीतरी पोटभर जेवावं तशा दिसत होत्या. सखूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, चला, या वाचनालयाचा कुणाला तरी उपयोग झाला.

नेमके तेव्हा तात्या दारात आले. वहाणा मधोमध काढल्या. बायकोच्या मांडीवर ते पुस्तक पाहिलं, शेवटची दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाले, 'उलटं वाचलं तू.'

मी म्हटलं, 'तात्या.'

'बिलकुल उलटं वाचलं. हे उर्दूवाणी हाय, उजवीकून. आधी बाळ, मंग पोरगं मोठं व्हतं, मंग बापासंग भांडतं आणि पुलावरून निघून जातं. येत न्हाई ते. जातं.' ते पुढे झाले, काकूंच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि पानाच्या कोपऱ्यातले बारीक आकडे दाखवले. 'हे बघा. इकडं चार, पाच. ह्या अंगानं सुरू हाय. म्या बराबर वाचलंय.'

आकडे इंग्रजी होते, सगळ्यांना वाचता येतील असे. सखूबाईंना आणि मलाही. वाद घालायला जागाच नव्हती.

काकू उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या बाईचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. 'असंल बराबर,' त्या म्हणाल्या. 'तुमचं कव्हा चुकलंय? मोसंबीचं बराबर निघालं. पोराचं बराबर निघालं. घरात आता भांडाय बी कोणी उरलं न्हाई, तरी तुमचं बराबरच.' त्यांनी भाजीची पिशवी उचलली आणि सखूबाईंबरोबर निघून गेल्या.

तात्या पुस्तक हातात घेऊन उभे. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. 'तुम्हाला एक दिवस, एकच दिवस, तोंड मिटून बसता आलं नसतं?'

'पण ती उलटं...'

'असू द्या की उलटं. कुणाचं काय अडलं होतं? तिला पोरगं घरी आलेलं दिसलं, तेवढंही तुमच्याच्याने बघवलं नाही? तुम्ही मुनीम सांगा, खुनी सांगा, काय वाटेल ते सांगा. पण हे घरचं माणूस आहे.' बोलता बोलता मला हुंदका आला आणि त्याचाही राग आला. मी कपाटाला कुलूप लावलं आणि वेळेच्या आधीच वाचनालय बंद केलं. बंद करताना त्यांच्या वहाणा पायाने बाहेर सरकवल्या, हेही सांगून टाकते.

त्यानंतर ते बरेच दिवस आले नाहीत. काकासाहेबांनी एक रहस्यकथा शेवटपर्यंत वाचून काढली आणि म्हणाले, काही राम नव्हता. खोलीत मी म्हणत होते तशी शांतता होती, आणि ती मला सहन होत नव्हती, हा आणखी वेगळा वैताग.

मग एका सकाळी तात्या आले. वहाणा भिंतीच्या कडेला काढल्या. नावाड्याचं पुस्तक काढलं, बाकावर बसले आणि उजव्या हाताने उघडायला गेले. थांबले. पुस्तक फिरवलं आणि डाव्या बाजूने उघडलं. पानं उलटताना त्यांचा हात चुकत होता, दोन-दोन पानं एकदम जात होती, तेव्हा परत मागे येत होते. बायकोने जसं बोट लावलं होतं तसं एकेका चौकटीवर बोट ठेवत ते सबंध पुस्तक बघून गेले. कुठलंही पुस्तक त्यांनी असं सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

'बाई,' ते म्हणाले.

मी मान वर केली नाही. 'बोला.'

'हिच्या बाजूनं बी बसतंय. पोरगं येतं, जेवतं, संसार करतं. जोडून बघितलं तर कुठं अडत न्हाई.'

'मग तेव्हा म्हणायचं होतं.'

मग पुस्तक माझ्याकडे वळवून त्यांनी नावेचं चित्र दाखवलं. 'पण एक हाय. माझ्या बाजूनं वाचा का तिच्या. पोरगंच चालतं. जातं बी तेच, येतं बी तेच. ह्यो म्हातारा दोन्हीकून जाग्यावरच बसलाय.'

'ते तर तुम्ही महिनाभर सांगताय,' मी वैतागून म्हटलं. 'रोज त्याच्या नावाने शंख करताय. उठत का नाही, उठत का नाही. तो चित्रातला माणूस आहे, तात्या. त्याला उठता येणार नाही. ज्याला येतं त्याने उठावं.'

मी हे ठरवून बोलले नव्हते. वैतागाने बोलले. पण ते बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलेलं मला दिसलं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला. मग विचारलं, 'भुजंग परत सुट्टीवर आलता ना? हाय का गेला?'

'उद्या सकाळच्या गाडीने जातोय.'

ते उठले, पुस्तक कपाटात ठेवलं आणि वहाणा घालून गेले. दुसऱ्या सकाळी भुजंगबरोबर एसटीत ते बसलेले लोकांनी पाहिले. काकूंना त्यांनी काय सांगितलं विचाराल तर काहीच नाही. भाकरी बांधून दे म्हणाले. काकूंनी बाप-लेक दोघांच्या बांधल्या.

देवानंद त्यानंतर चार-पाच दिवसांनी वाचनालयात आला. सहा वर्षांत अंगाने भरला होता, केस विरळ झाले होते. काल संध्याकाळी बापाबरोबर आलो, म्हणाला. आई सकाळपासून चुलीपुढून उठत नाही, पोट फुटायची वेळ आली, म्हणून जरा बाहेर पडलो. मी विचारलं, 'ते नावाड्याचं पुस्तक तू मुद्दाम पाठवलंस का रे?' त्याला कुठलं नावाड्याचं तेच आठवेना. दुकानात एकगठ्ठा मिळाली म्हणून घेतली होती, उघडूनही पाहिली नव्हती. इकडे आम्ही घरं मोडायला निघालो होतो.

'तात्या काय म्हणाले तिथे?' मी विचारलं. विचारू नये हे कळत होतं, पण एवढा मनस्ताप सोसल्यावर माझा तेवढा हक्क होता.

देवानंद बाकावर बसला. 'खोलीवर आले. बसा म्हणलं तर बसेनात. दारातच उभे. म्हणले, तुझी मोसंबी बराबर व्हती. पाणी व्हतं विहिरीला. म्याच दिलं न्हाई.'

मला काही कळेना. 'पाणी होतं?'

'कुठलं पाणी, वहिनी? मी सोता उतरलो व्हतो त्या विहिरीत. तळाला गाळ व्हता, वाटीनं भरायचं म्हणलं तरी भरत नव्हतं. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं व्हतं ते खरं व्हतं. त्यांना खोटं बोलता येत न्हाई. सबंध जिंदगीत कव्हा बोललेच न्हाईत. टोपी हातात पिळून राह्यले, आणि परत तेच म्हणले, पाणी व्हतं, म्या दिलं न्हाई.'

'मग तू काय म्हणालास?'

'मी म्हणलो, हो तात्या, पाणी व्हतं. आणि पिशवी भरायला घेतली.'